झिवोरादसमोर बोलायचं नाही

आमच्या गावात माणसं दोनच कारणांनी आजारी पडतात. पहिलं कारण वारा. समोरासमोरच्या खिडक्या एकाच वेळी उघड्या राहिल्या आणि मधल्या झोतात माणूस सापडला, की संपलं. दुसरं कारण मनस्ताप. बाकीचे आजार असतात, पण ते बेलग्रेडच्या लोकांना होतात. त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टर कोविल्काबाईंचं काम तसं सोपं आहे. मान आखडून आला तर वारा, नाहीतर मनस्ताप.

झिवोराद पांतेलिच बसचालकांच्या वार्षिक तपासणीला गेला, तेव्हा त्याची मान सरळ होती. बाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा फुगवला.

"वरचा आकडा एकशेसत्तर आहे, झिवोराद. मनस्ताप करून घ्यायचा नाही. असाच राहिला तर बस चालवायला मी सही देणार नाही, आधीच सांगते."

"मग करायचं काय, डॉक्टरीणबाई?"

"सांगितलं ना. मनस्ताप करून घ्यायचा नाही."

एवढं बोलून बाई मागच्या दाराशी सिगारेट ओढायला गेल्या, कारण सकाळपासून त्यांना फार मनस्ताप झाला होता.

झिवोराद दवाखान्यात एकटा गेला होता, घरी आला तो रक्तदाबाला घेऊन. आणि एकदा घरात शिरल्यावर रक्तदाब जावयासारखा राहू लागला. त्याच्या जेवणाच्या वेळा, त्याच्या आवडीनिवडी, तो झोपला की कुणी मोठ्याने बोलायचं नाही. झिवोरादच्या बायकोने, मिलुंकाने, औषधांच्या दुकानातून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि दूरदर्शन संचावर, स्वतः विणलेल्या जाळीच्या रुमालावर मांडून ठेवलं. त्याआधी तिथे तिच्या सासऱ्यांचा फोटो होता. तो कपाटावर गेला. रोज सकाळी कॉफीच्या आधी मिलुंका नवऱ्याचा दंड मोजायची आणि दुपारपर्यंत तो आकडा अख्ख्या आळीला ठाऊक व्हायचा. रस्त्यात तिला कुणी "कशी आहेस?" असं विचारतच नसे. "झिका किती आहे?" असं विचारत, कारण झिवोरादला सगळे झिकाच म्हणतात.

झिकाने मन शांत ठेवण्याचे आपल्या परीने पुष्कळ उपाय केले, ते नाकारता येणार नाही. कामाच्या आधी तो दारूच्या थेंबाला शिवत नसे, हे त्याचे शत्रूही मान्य करतील. पण संध्याकाळी बस आगारात लावून आला, की रक्तवाहिन्या उघडायला तो राकियाचा एक छोटा पेला घ्यायचा. आलुबुखाराची घरची दारू, तिने कुणाचं वाईट झालंय? मग उघडलेल्या वाहिन्या पुन्हा मिटू नयेत म्हणून दुसरा. तिसरा कशासाठी होता ते विसरायला होत असे. डॉक्टरीणबाईंनी सिगारेट बंद करायला सांगितली होती, म्हणून तो घरात ओढणं बंद करून लाकडांच्या खोपटात ओढू लागला. फिरायला सांगितलं होतं, म्हणून तो परसातल्या कुंपणापर्यंत फिरायचा. कुंपणापलीकडे शेजारच्या ओब्रादचं अक्रोडाचं झाड होतं. त्याची पानं झिकाच्या परसात पडत आणि अक्रोड ओब्रादच्या, असं झिकाचं म्हणणं होतं. रोजच्या रोज हे तपासून तो लाल होऊन परत यायचा. मग बातम्या लागायच्या. मंत्री जणू जेवायला आलेत आणि ताटावर बसून खोटं बोलताहेत, अशा थाटात तो त्यांच्याशी भांडायचा. बातम्या संपल्या की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "बघ मिलुंका, आज मी अजिबात डोक्याला त्रास करून घेतला नाही."

"हो ना," मिलुंका म्हणायची आणि पट्टा आणायला उठायची.

मिलुंका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. चारशे मुलांची घेवड्याची आमटी ढवळून तिचे दंड असे झालेत, की पावाचं पीठ तिला बघूनच मऊ पडत असावं. गावात तिची ख्याती अशी की या बाईला मनस्ताप शिवतच नाही. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा ती रडली नाही, पुरात तळघर भरलं तेव्हा ओरडली नाही. बादली घेतली आणि उपसायला लागली. लोकांना याचं फार कौतुक. मला विचाराल तर, जो माणूस कधीच काही मागत नाही, त्याचं कौतुक करणं हे सगळ्यांत स्वस्त काम आहे.

तर या मिलुंकाने घरात कायदा केला: झिकासमोर बोलायचं नाही. म्हणजे हवापाण्याचं बोलायचं, फुटबॉलचंही, आपला संघ जिंकला असेल तर. पण ज्याने मनाला लागेल असं काही नाही. छप्पर गळायला लागलं, तेव्हा माळ्यावरच्या बादल्या सफरचंदांसाठी ठेवल्यात असं त्याला सांगण्यात आलं. हिवाळ्यात झिकाचा मावसभाऊ रादिसाव वारला. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. आता हे कसं सांगणार? झिकाने एकदा जेवताना विचारलं, "रादिसाव कसा आहे गं?"

"आता त्याला काही त्रास नाही," मिलुंका म्हणाली, आणि हे काही खोटं नव्हतं.

रादिसाव गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, श्राद्धाला, घरातली सगळी माणसं काळे कपडे घालून, मेणबत्त्या आणि उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन टेकडीवरच्या स्मशानाकडे निघाली. तिकडे जाणारी बस एकच, आणि चालक झिका. मिलुंका त्याच्या मागेच बसली होती, जीव मुठीत धरून. झिकाने सगळ्यांना तिकिटं दिली, वळणावर "घट्ट धरा" म्हणाला आणि स्मशानाच्या फाटकापाशी, जिथे थांबा नाही, तिथे बस उभी केली. विचारलं मात्र काहीच नाही. मिलुंकाला वाटलं, नवऱ्याचं मन आता इतकं शांत झालंय की डोळ्यांसमोरचंही त्याला दिसत नाही. तिने देवाचे आभार मानले.

रादिसावचं निभावलं. पण ईस्टरच्या आधी जे आलं, ते बादल्यांमागे लपवता येईल असं नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, यागोदा. गावच्या बालवाडीत मदतनीस होती. तिचा नवरा द्रागिशा वेल्डर. दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाला गेला, लिंत्सला, आणि तेव्हापासून यागोदा पुन्हा आईबापांकडे राहत होती. कांद्याच्या सालींत ईस्टरची अंडी रंगवायला घातली होती, दोघी चुलीपाशी उभ्या होत्या, तेव्हा यागोदा म्हणाली, "आई, द्रागिशाने माझ्यासाठी काम पाहिलंय. म्हाताऱ्यांच्या आश्रमात. मिरच्यांचे दिवस झाले की जाईन म्हणते."

मिलुंकाने चमच्याने एक अंडं उलटं केलं. "बाबांना इतक्यात सांगू नकोस. मी बघते कधी सांगायचं ते."

"ते ठीक आहे. पण तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? चांगलंच आहे. पगार बरा असेल."

"पगार बरा आहे."

"मग झालं तर," मिलुंका म्हणाली, आणि दुपारी तिने सगळे पडदे काढून धुतले. ते पडदे आदल्या आठवड्यातच धुतलेले होते.

मनाला लागलं की धुवायला घ्यायचं, ही तिची रीत. त्या उन्हाळ्यात तिने गालिचे धुतले, सतरंज्या धुतल्या, माळ्यावरच्या बादल्या आतून बाहेरून घासल्या, कोंबड्यांच्या खुराड्याला चुना दिला. कोंबड्या बावचळून अंडी घालायच्या थांबल्या. डोकं दुखायचं तिचं, सकाळी उठतानाच दुखायचं, कानात गूं गूं व्हायचं. त्यावर ती बटाट्याच्या चकत्या कपाळाला बांधायची, वर फडकं, आणि कामाला लागायची. शेजारीण वुकोसावा रोज सकाळी कॉफीला यायची. प्यायलेला कप उलटा करून तळाच्या गाळात भविष्य बघण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. ती म्हणायची, "तुझ्या कपात रस्ता दिसतोय, लांबचा."

"तो तुला दिसणारच, वुका. यागोदाने तुला सांगितलंय."

"सांगितलंय. पण दिसतोय पण."

"झिकाच्या कानावर जाता कामा नये."

"माझ्या तोंडातून? मेल्यावर उकरून विचारलंत तरी नाही," वुकोसावा म्हणाली. खरं तर तोवर गावात माहीत नसलेला माणूस शोधावा लागला असता. पाववाल्याला माहीत होतं, पाद्र्याला माहीत होतं, ओब्रादलासुद्धा माहीत होतं. आणि प्रत्येक जण ओठांवर बोट ठेवून दुसऱ्याला बजावत होता, की झिवोरादला कळू देऊ नका हं, त्याला रक्तदाब आहे.

ऑगस्टात एके दुपारी मायलेकी परसात बसून बरण्यांची झाकणं पुसत होत्या. यागोदाने हातातलं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाली, "आई, तू मला एकदाही जाऊ नको म्हटलं नाहीस."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही."

"मग?"

"तरी," यागोदा म्हणाली. "द्रागिशा निघाला तेव्हा त्याची आई रस्त्यात बसली होती. बसच्या चाकापुढे. अख्ख्या गावाने बघितलं. मला लाज वाटली होती तेव्हा. आता वाटतं, त्याला निदान माहीत तरी आहे. तू मला झाकणं पुसायला बसवतेस. मी गेले काय, राहिले काय, तुझं चाललंय."

ती उठून आत गेली. मिलुंका तशीच बसून राहिली. तिला उठून जावंसं वाटत होतं, पोरीला धरून सांगावंसं वाटत होतं, की अगं माझा जीव तुटतोय. शब्द अगदी घशापर्यंत आले. पण तिला भीती ही होती, की एकदा सुरुवात केली तर थांबता येणार नाही, आणि ती कोसळली तर घर धरायचं कुणी? झिकाला मोजायचं कुणी? तिने उरलेली झाकणं पुसली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या नगरपालिकेलाही लोकांच्या मनाची काळजी वाटली. वरून कसले तरी पैसे आले होते आणि ते वर्ष संपायच्या आत खर्च करायचे होते. सांस्कृतिक भवनावर फलक लागला: 'ताणाशी मैत्री'. बेलग्रेडहून एक तरुण तज्ज्ञ आला, पांढरेशुभ्र बूट घातलेला, पोटातून बोलणारा. बायका आल्या, कारण खारी बिस्किटं आणि सरबत फुकट होतं. पुरुष आले नाहीत. त्यांचा ताण समोरच्या खानावळीत होता.

तज्ज्ञाने आधी श्वास घ्यायला शिकवलं. मागून कुणी तरी म्हणालं, इतकी वर्षं आम्ही मास्तरावाचूनच घेत होतो. मग तो म्हणाला, आता डोळे मिटा आणि जिथे तुम्हाला कुणी हाक मारणार नाही अशी एक जागा डोळ्यांसमोर आणा. वुकोसावाला अशी जागा सुचेना. मिलुंकाने डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात सभागृहात घोरण्याचा आवाज येऊ लागला. बायका हसायला लागल्या. तज्ज्ञाने त्यांना हाताने गप्प केलं आणि कौतुकाने म्हणाला, इतकी गाढ शिथिलता त्याने अजून कुठल्याच गावात पाहिली नव्हती. मिलुंका गेल्या कित्येक वर्षांत भरदिवसा बसून झोपली नव्हती, एवढंच त्यातलं खरं होतं.

ती जागी झाली तेव्हा तज्ज्ञ समारोप करत होता. दारू म्हणजे उपाय नाही, सिगारेट नाही, गिळून टाकणं तर मुळीच नाही. चाला, झोपा, आणि जे मनात आहे ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगा.

"ऐकलंस?" बाहेर पडताना वुकोसावा म्हणाली.

"ऐकलं. तो पोरगा किती वाळलाय. त्याची आई त्याला खायला घालत नसेल," मिलुंका म्हणाली. पण घरी आल्यावर तिने धुतलेली सतरंजी पुन्हा धुवायला काढली.

मग मिरच्या आल्या. आमच्याकडे सप्टेंबर म्हणजे मिरच्या, हे ज्याला ठाऊक नाही तो आमच्याकडचा नाही. लांबट, लालभडक, गोड मिरच्यांची पोती दारोदार उतरतात. लोखंडी चुली परसात ओढल्या जातात आणि अख्ख्या गावावर भाजल्याचा खमंग धूर पसरतो. त्यांचा आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, दुकानात तयार मिळतो, घरच्यापेक्षा कमी खर्चात मिळतो. पण विकतचा आयवार ठेवणाऱ्या घरात मुलगी द्यावी का, यावर आमच्याकडे अजून दोन मतं नाहीत. भाजा, झाकून घाम येऊ द्या, सोला, पाणी गाळा, दळा, आणि मग तेलात घालून अर्धा दिवस ढवळत बसा. सगळ्या बायका म्हणतात, या मिरच्यांनी आम्हाला मारलं, पुढच्या वर्षी नाही करणार. पण सोलायला म्हणून त्या गोल करून बसतात आणि हातांबरोबर तोंडंही चालतात. माझं मत असं आहे, की नगरपालिकेने तज्ज्ञाऐवजी चार पोती मिरच्या आणल्या असत्या तर पैसे जास्त कारणी लागले असते.

यागोदाची बस दोन दिवसांवर आली होती. आता झिकाला सांगणं भागच होतं. मिलुंकाने सगळी तयारी केली. तो दुपारी कामावरून येणार तेव्हा सांगायचं, उघड्यावर, म्हणजे हवा असेल. पण कोपऱ्यात, म्हणजे वारा नसेल. जिभेखाली ठेवायची गोळी एप्रनच्या खिशात. साखरेचं पाणी तयार. डॉक्टर कोविल्काबाईंना "ताजा आयवार चाखायला या" म्हणून बोलावून घेतलं होतं, आणि बाई बॅग घेऊन आल्या होत्या, जी आयवार चाखायला सहसा लागत नाही. वुकोसावा सोलायला बसली होती. ओब्राद आपल्या कुंपणापाशी अक्रोड वेचायचं नाटक करत होता. मिलुंका कढईत लाकडी चमचा फिरवत होती, यागोदा तिच्याशेजारी लाल बोटांनी बसली होती.

झिका आला. गणवेशाची टोपी काढून त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"बस, झिका," मिलुंका म्हणाली. "बसलास का? नीट बस. हे बघ, जगात काय, सगळीकडे माणसं जातात येतात..."

"डॉक्टरीणबाई कशाला आल्यात?"

"आयवार चाखायला. तर मी म्हणत होते, तरुण माणसांचं..."

"यागोदा गुरुवारी जाते आहे, ते म्हणतेस का?" झिका म्हणाला.

चमचा थांबला. वुकोसावाने हातातली मिरची सोललेल्यांत टाकायची ती सालींत टाकली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं? ईस्टरपासून ऐकतोय. मी बस चालवतो गं, मिलुंका. लोकांना वाटतं चालकाला पाठीमागे कान नसतात. लिंत्समधलं तिचं घर कुठल्या मजल्यावर आहे तेसुद्धा मला ठाऊक आहे."

"आणि तू माझ्याशी बोलला नाहीस?"

"तुला मनस्ताप नको म्हणून. सगळेच म्हणाले, मिलुंकासमोर विषय काढू नकोस, ती आतल्या आत कुढते." त्याने कुंपणाकडे हात केला. "ओब्रादसुद्धा म्हणाला. आमचं बोलणं नाही, तरी तेवढ्यासाठी बोलला."

ओब्रादने कुंपणापलीकडून मान हलवली.

"आणि रादिसाव?" मिलुंकाने हळूच विचारलं.

"अगं, त्या गव्हाच्या पातेल्यावर त्याचं नाव साखरेने लिहिलं होतं."

वुकोसावाला हसू फुटलं, मग डॉक्टरीणबाईंना. बाईंनी, आल्याच आहेत तर, झिकाच्या दंडाला पट्टा बांधला. एकशेपस्तीस. इतका चांगला तो कधीच नव्हता. आळीने मिळून ज्याला वर्षभर कापसात गुंडाळून ठेवलं होतं, तो बातम्यांवर ओरडून, कुंपणापाशी भांडून, आणि बसमध्ये येणाऱ्या जाणाऱ्याशी मन मोकळं करून टुणटुणीत झाला होता. त्याचे उपाय चांगले होते असं मी म्हणत नाही. त्या राकियाचं आणि खोपटातल्या धुराचं बिल कधी तरी येईलच. पण आत काही साचवायचं नाही, एवढी अक्कल त्याला न शिकवता होती.

"आता पट्टा काढलाच आहे, तर आण तुझा हात," बाई मिलुंकाला म्हणाल्या, गंमतीनेच.

"माझा कशाला? माझ्या हातात चमचा आहे."

"दुसरा आण."

बाईंनी फुगवलं. बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. पुन्हा फुगवलं.

"किती?" झिकाने विचारलं.

"दोनशेदहा."

 वर्षभर त्या घरात यंत्र होतं, रोज सकाळी निघत होतं, आणि ज्या हाताने ते फुगवलं जात होतं त्या हाताला ते एकदाही लागलं नव्हतं. मग एकदम धावपळ. झिका गोळ्या शोधायला आत पळाला. आतून कपाटं उघडल्याचे, काही तरी फुटल्याचे आवाज आले.

"कुठे आहेत?" तो आतून ओरडला.

"निळ्या कपाटात, मिठाच्या मागे," मिलुंका खुर्चीवरून म्हणाली. "आणि बशी फोडलीस ती उचलू नकोस, हात कापशील. वुका, कढई ढवळ, बुडाला लागतंय. साखरेचं पाणी नको मला, ते झिकासाठी आहे."

"डोकं कधीपासून दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"कुठल्या बाईचं दुखत नाही?"

"हे बघ, मिलुंका, मनस्ताप..." बाई सवयीने म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अर्धं सोडलं असेल. मिलुंकाच्या एप्रनमधली गोळी काढून तिच्या जिभेखाली ठेवून त्या तिच्यासमोर, सोललेल्या मिरच्यांच्या टोपलीवर फळी टाकून बसल्या. "काय होतंय तुला? सांग."

मिलुंकाने यागोदाकडे पाहिलं. यागोदा तिचा हात धरून उकिडवी बसली होती, पांढरीफटक.

"जाऊ नको," मिलुंका म्हणाली.

आधी हळू म्हणाली, जिभेखाली गोळी होती. मग मोठ्याने म्हणाली. "जाऊ नको, यागोदा. परक्या म्हाताऱ्यांना भरवायला जातेस, आणि माझी म्हातारी व्हायची वेळ आली तर मी कुणाकडे बघू? मला नाही चांगलं वाटत. मी खोटं बोलले. मला पगाराचं काही नाही. तू खोलीत असतेस, नुसती असतेस, तेवढ्यावर माझा दिवस जातो. जाऊ नको गं."

आणि ती रडायला लागली. तिला भीती होती तसंच झालं, सुरुवात केल्यावर थांबता आलं नाही. छप्पर गळतंय, तिने सांगितलं. बादल्यांत सफरचंदं कधीच नव्हती. तुझी सिगारेट खोपटातून इथवर वास मारते, झिका. तो अक्रोड कापून टाका नाहीतर त्याच्याखाली बसून जेवा, पण मला त्यातून सोडवा. सासू वारली तेव्हा मला रडायचं होतं आणि पाहुण्यांना कॉफी द्यायची होती. झिका दारात उभा होता, हातात गोळ्यांची सगळी खोकी, आणि ऐकत होता. घर काही कोसळलं नाही. वुकोसावाही रडत होती, त्यामुळे कढई कुणीच ढवळत नव्हतं.

यागोदाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तशीच ती म्हणाली, "आई, मी जाणार आहे."

"ठाऊक आहे मला."

"पण आता मला जाता येईल."

ती गुरुवारी गेलीच. मिलुंका रस्त्यात बसली नाही, तेवढं तिच्याने झालं नाही. पण बसच्या काचेला हात लावून मोठ्याने रडली, आणि ज्या गावाने तिला खडक म्हणून मिरवलं होतं, त्याला कुठे बघावं ते कळेना. कुणी तरी राकिया पुढे केली. झिकाने ती बाजूला सारली आणि म्हणाला, "रडू द्या तिला." त्याचेही गाल ओले होते आणि त्याला ते पुसायचं सुचलं नव्हतं.

आता सकाळी दोन दंड मोजले जातात. मिलुंका गोळ्या घेते, दुपारी झोपते, वुकोसावाबरोबर नदीपर्यंत चालत जाते. आकडा उतरला आहे, अगदी उतरायला हवा तितका नाही. वुकोसावा म्हणते नजर लागली होती, बाई म्हणतात गोळ्यांचा गुण.

रविवारी लिंत्सहून फोन येतो. पहिल्या रविवारी यागोदाने विचारलं, "कशी आहेस आई?" आणि मिलुंकाच्या तोंडात "चांगली" हा शब्द आलाच होता. तिने तो बाहेर येऊ दिला नाही.

"बरी नाहीये," ती म्हणाली. "तुझ्यावाचून घर खायला उठतं. तू?"

 मग यागोदा म्हणाली, "मी पण नाही, आई. काल भांडारखोलीत दार लावून रडले. इथल्या आजीबाई माझ्याशी जर्मनमध्ये बोलतात आणि मला एक अक्षर कळत नाही. बाबांना सांगू नकोस हं."

मिलुंकाने खुर्चीतल्या झिकाकडे पाहिलं. तो बातम्यांचा आवाज कमी करून मान वर करून बसला होता. तिने फोन दोघांच्या मधे टेबलावर ठेवला आणि पोरीचा आवाज खोलीभर ऐकू येईल असं बटण दाबलं.

"आता परत सांग," ती म्हणाली. "बाबा पण ऐकतायत."